राग मुलांचा की मोबाईलचा?

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेविका आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, पट २३. तिसरी-चौथी सरांकडे. पण मुख्याध्यापकही तेच, त्यामुळे सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याच अंगावर. लहान मुलं आवडतात म्हणून डी.एड. केलं. आता संध्याकाळी खोलीवर आले की वाटतं, आज आपण शिकवलं काय? दिवसभर नुसतं 'मॅडम, ह्यानं माझी पेन्सिल घेतली', 'मॅडम, एकीला जाऊ?', 'मॅडम, टोक करू?'. मध्येच ग्रुपवर 'तात्काळ माहिती भरा'. मग मी पोरांवर ओरडते आणि रात्री झोप लागत नाही. परवा टेबलावर पट्टी आपटली तर पुढच्या पोरानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. एक मुलगा जूनपासून एक शब्द बोललेला नाही. एक मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते. दिवाळीनंतर निम्मी मुलं ऊसतोडीला जाणार, म्हणजे शिकवलेलं सगळं पाण्यात. चांगलं काहीच घडत नाही असं नाही. मागे पावसानं दोन दिवस रेंज गेली होती, ते दिवस कसे गेले कळलंसुद्धा नाही. तेव्हाच पहिलीतल्या एकानं फळ्यावरचं 'हजर' वाचलं आणि म्हणाला, 'म्हंजे मी!' घरचे म्हणतात, तलाठ्याची परीक्षा दे. मी चुकीच्या जागी आलेय का? शेवटचं जरा लाजिरवाणं आहे: माझ्या डोक्यात उवा झाल्यात. काय करू?"

– पहिली-दुसरीच्या मॅडम

*

अगं, तू ताई म्हटलंस, म्हणून मी अगं-तुगंवरच येते.

तुझ्या सगळ्या पत्रात मला कामाचं वाटलं ते वाक्य तू जाता जाता लिहून मोकळी झालीस. रेंज गेली होती ते दोन दिवस कसे गेले कळलं नाही म्हणतेस. त्या दोन दिवसांत मुलं तीच होती ना? पेन्सिली तितक्याच हरवल्या असतील. पावसापाण्याचं एकीला जाणारे वाढलेच असतील. पत्रे वाजत असतील, अर्ध्यांची दप्तरं भिजली असतील, खिचडीला उशीर झाला असेल. म्हणजे त्रास रोजच्यापेक्षा कणभर जास्तच. फक्त ग्रुप मुका होता. आणि तू त्या दोन दिवसांत ओरडल्याचं कुठं लिहिलेलं नाहीस.

मुलांना तू कंटाळलेली नाहीस. तुझा राग तयार होतो मोबाईलवर आणि निघतो पहिलीच्या वर्गावर. अकरा वाजता 'आजच, आत्ताच, प्राधान्याने' असा मेसेज येतो, तो पाठवणाऱ्याला तू काही बोलू शकत नाहीस, आणि नेमकं त्याच वेळी समोर एकजण येऊन म्हणतो, 'मॅडम, टोक करू?' त्याचा काय दोष? त्यानं तुला टोकाचं विचारलं, एवढंच.

म्हणून आधी मोबाईलचा बंदोबस्त. शाळा भरली की तो कपाटात. सरांना सांगून ठेव की खरंच आग लागली असेल तर फोन करा, मेसेज नको. पोषण आहाराची रोजची नोंद करायची असतेच, तेव्हा खिचडीच्या वेळी एकदा बघायचा आणि शाळा सुटल्यावर एकदा. दोन तासांत कुठलीही माहिती शिळी होत नाही. तात्काळची माहिती बहुतेक वेळा तीच ती असते. पट किती, मुलगे किती, मुली किती, प्रवर्गनिहाय किती, आधार नसलेले किती, खाती कुणाची उघडली नाहीत, वर्गखोल्या, शौचालय, नळ चालू की बंद. एका दोनशेपानी वहीत शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, पहिल्या पानावर लिही आणि पुढं ही सगळी माहिती एकदा नीट मांडून ठेव. महिन्याला दुरुस्त करत जा. मग वीस मिनिटांचं काम पाच मिनिटांत होतं, आणि तुझी चिडचिड तुलाच थोडी हास्यास्पद वाटायला लागते.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या २७व्या कलमात दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही असं लिहिलंय. निवडणुकीच्या फटीतून बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम आत येतं ते वेगळं. हे कलम पाठ असावं, पण केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांच्या, तोंडावर फेकू नये, निदान शिक्षण सेवकाच्या मानधनावरच्या तीन वर्षांत तरी नाही. ते संघटनेत मांड, तिथं ते चालतं. केंद्रप्रमुखही बिचारे वरून आलेलंच खाली ढकलत असतात.

आता मुलांचा त्रास. तो खोटा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. 'मुलं म्हणजे देवाघरची फुलं' असं भाषणात सांगणाऱ्यांना श्रावणात पत्र्याच्या खोलीत अशी २३ फुलं घेऊन एक दिवस बसवावं. दुपारपर्यंत त्यांचा घसा जाईल. सहा वर्षांचं पोर दर पाच मिनिटांनी तुझ्याकडे येणारच. त्याला अजून आपला नंबर, आपली वेळ, आपली वस्तू हे सगळं शिकायचं आहे, आणि ते शिकवणं हा पहिलीचा अभ्यासक्रमच आहे, पुस्तकात छापलेला नसला तरी. पण तुझ्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांना तुझी गरज नसते. ती कामं वस्तूंवर सोपवायची.

एकीचंच घे. एकजण उठला की दहा उठतात. दाराजवळ एक खिळा ठोक आणि त्याला दोरीनं एक लाकडी पट्टी अडकव. पट्टी खिळ्याला असली तर न विचारता गळ्यात घालून जायचं, आल्यावर परत अडकवायची. पट्टी नसली तर कुणीतरी गेलंय, थांबायचं. पहिले चार दिवस सगळी गंमत म्हणून जाऊन येतील. जाऊ देत. पाचव्या दिवशी नवलाई संपते. ज्याला खरोखर घाईची लागली आहे त्याला मात्र पट्टी असो-नसो, सोडायचंच, एवढं आधी सांगून ठेव. या वयाच्या मुलाला अडवून ठेवलं की चड्डी ओली होते आणि पुढचे आठ दिवस ते शाळेत येत नाही.

पेन्सिलीचं भांडण मालकीचं असतं, म्हणून मालकीच काढून टाक. एका डब्यात वर्गाच्या पेन्सिली, दोन खोडरबर, एक टोकयंत्र. टोक करायचं काम रोज दोघांचं, परिपाठाच्या आधी. शाळा सुटताना डबा मोजायचं काम तिसऱ्याचं. मोजताना वीसपर्यंत आकडे आपोआप पक्के होतात, हा वरचा फायदा. घरून आणलेली पेन्सिल दप्तरातच राहील. चित्राची, छोटा भीमवाली, वास येणारी पेन्सिल आणली असेल तर ती मधल्या सुट्टीत मिरवावी.

चुगल्यांना दोनच प्रश्न: "लागलंय का? रक्त आलंय का?" नसेल तर "खिचडी खाऊन झाली की सांग." खिचडीनंतर तू खरंच ऐकायला बस, टाळू नकोस. बहुतेकजण काय सांगायचं होतं तेच विसरलेले असतात. जो विसरला नाही त्याचं नीट ऐक, कारण ती तक्रार पेन्सिलीची नसते. कुणीतरी त्याला रोज मारतंय, किंवा त्याच्या जवळ कुणी बसत नाही.

आवाजाचं म्हणशील तर गोंगाटावर आवाज चढवायचा नाही. तू चढवलास की ती चढवतात. टाळ्यांचा एक ठेका ठरव, तो ऐकला की सगळ्यांनी तसाच परत वाजवायचा. मग हळू आवाजात बोल. पाण्याची बाटली टेबलावर ठेव आणि तासाला दोन घोट पी. खडूच्या धुळीत दिवसभर बोलणाऱ्या बाईचा घसा हे तिचं भांडवल आहे.

टेबलावरची मोठी पट्टी मात्र आजच उचलून सरांच्या कपाटात ठेव. तू ती टेबलावर आपटलीस, कुणाला मारली नाहीस, हे मला मान्य आहे. पण त्या पोराला टेबल आणि पाठ यातला फरक कळण्याआधीच त्याचे हात डोक्यावर गेले. ते हात घरी शिकून आले आहेत. कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हीला मनाई करतं. ते बाजूला ठेवलं तरी साधी गोष्ट आहे, घाबरलेलं मूल वाचायला शिकत नाही. ते तुझ्या तोंडाकडे बघत बसतं. 'मॅडम, मारा पण शिकवा' म्हणणारा बाप भेटेलच. त्याला म्हणावं, न मारता शिकवते, दिवाळीला येऊन त्याचं वाचन ऐका.

आता 'आज शिकवलं काय' या प्रश्नाकडे येते. तुझ्या मोजण्यात गफलत आहे. किती पानं झाली, टाचणात, म्हणजे पाठाच्या आखणीत, लिहिलेलं पुरं झालं का, हे तू मोजतेस. पहिलीत दिवसाचा हिशोब लागत नाही, महिन्याचा लागतो. आणि तो 'हजर'सारख्या गोष्टींतून लागतो, म्हणून त्या पोराकडे जरा नीट बघ.

फळ्याच्या कोपऱ्यात रोज पट आणि हजर लिहिलेलं असतं. ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्यात काना नाही, मात्रा नाही, तीन सुटी अक्षरं. त्यानं ती एकेक उचलली, जोडली, आणि कानावर पडलेल्या आवाजात त्याला रोज ऐकलेला शब्द सापडला. मग त्या शब्दाला अर्थ लावला, आणि तो अर्थ स्वतःला लावला. वाचन म्हणजे एवढंच. ज्याला हे एकदा जमलं त्याला पुढं काना, वेलांटी, उकार शिकवणं हे फक्त सवयीचं काम राहतं.

याच्या उलट प्रकारही तुझ्या वर्गात असणार. पुस्तकातलं पान खडाखडा म्हणणारं, बोट मात्र तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीत. पाहुणे आले की नेमकं त्यालाच उभं करतात. ते पाठांतर आहे. पान झाकून मधलाच एक शब्द दाखव, किंवा त्याच अक्षरांचा वेगळा शब्द फळ्यावर लिही, लगेच कळतं. त्याला ओरडायचं नाही, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे एवढंच त्यातून दिसलं. पण त्याला पुन्हा अक्षरांकडे आणायचं. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात शिकवू नकोस. आधी एक पक्कं होऊ दे, मधे आठ-दहा दिवस जाऊ देत, मग दुसरं. ख जर 'र व' असं वाचला तर हसू नकोस, दिसतो तो तसाच.

गणितातही असंच. दुसरीतलं मूल 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहितं आणि आपण त्याला ढ ठरवतो. आपण सात आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो, मग त्या बिचाऱ्यानं काय करावं? एकोणतीसला तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे २९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत गेलं. भाषेचं काय व्हायचं ते होवो, वर्गात बसलेल्या बाईला त्यातली अडचण रोज दिसते. तू काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांध, सुट्या काड्या वेगळ्या. दोन गठ्ठे, सात सुट्या. आधी 'वीस आणि सात' म्हणू दे, लिहू दे, मग 'ह्यालाच सत्तावीस म्हणतात'. काड्या नसतील तर चिंचोके. तुमच्या भागात चिंचांना तोटा नाही.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचता यावेत असं उद्दिष्ट धरलंय. ते भिंतीवर लावायला ठीक आहे. पण घड्याळ लावून जूनपासून पळवू नकोस. वाचायचं काम सकाळी, पोटात खिचडी जायच्या आधी. दुपारी डोळे मिटायला लागतात, तेव्हा काड्या, चिंचोके, गाणी, माती. सर मीटिंगला गेले की चार इयत्तांचे चार कोपरे करायच्या भानगडीत पडू नकोस. ज्याला अक्षरं येत नाहीत ते एकीकडे, शब्द येणारे एकीकडे, गोष्ट वाचणारे एकीकडे, मग ते पहिलीचे असोत की चौथीचे. गोष्टवाल्यांना पुस्तकं देऊन छोट्यांना वाचून दाखवायला बसव. कुणाच्या हातात छडी देऊन मॉनिटर मात्र करू नकोस. आपल्यापेक्षा दुष्ट निघतात.

न बोलणाऱ्या मुलाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटली. त्याला उभं करून 'बोल, बोल' म्हणायचं नाही आणि 'मुका' हे नाव वर्गात कुणी पाडलं असेल तर ते आजच बंद कर. आधी कान बघ. पाठीमागून हळूच नाव घे, वळतो का बघ. कान वाहतो का, उशीला डाग पडतात का, हे आईला विचार. कान फुटलेली मुलं खेड्यात पुष्कळ असतात आणि ती ऐकू न आल्यामुळे गप्प राहतात, लोक त्यांना लाजाळू किंवा मंद म्हणून मोकळे होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते आलं की वजन-उंची घेऊन निघून जातील, तेव्हा तूच त्याचं बोट धरून पुढं कर आणि कान तपासायला सांग. पथक यायला वेळ असेल तर बापाला ग्रामीण रुग्णालयात पाठव. कान चांगले निघाले तर प्रश्न वेगळा. काही मुलं घरी पोपटासारखी बोलतात आणि शाळेत दगड होतात. त्याला फळा पुसायला, डबा मोजायला, पाणी भरायला दे. शेजारच्याच्या कानात बोलला तरी ते बोलणंच धर. त्याला मान हलवून उत्तर देता येईल असं विचारत जा.

आणि ती भावाला कडेवर घेऊन येणारी. कुणी तुला सांगेल की बाळाला वर्गात बसवता येत नाही, अधिकारी आले तर काय म्हणतील. काय म्हणायचं ते म्हणोत. 'भावाला घरी ठेवून ये' म्हटलंस तर उद्यापासून दोघंही घरी राहतील, आणि तिची शाळा तिथंच संपेल. हा प्रश्न जुना आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर काम उभं केलं, तेव्हा त्यांच्याही पुढं हेच होतं. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळण्यात अडकलेल्या, मुलगे गुरांमागे गेलेले. त्यांनी मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. गुराख्यांसाठी तर कुरणातच शाळा नेली. तुझ्याकडे टेकडी नाही, पण अंगणवाडी आहे ना? ती बहुधा शाळेच्या आवारातच असेल. अंगणवाडी ताईशी बोल. भाऊ तीन वर्षांचा असेल तर तिथंच बसेल. लहान असेल तर तोवर वर्गात एक गोणपाट टाक आणि त्याला पाटी-खडू दे. तुझ्या लक्षात येईल की ती मुलगी भाऊ जवळ असला की शांत असते आणि वर्गही त्याला सांभाळतो.

ऊसतोडीचं दुःख मोठं आहे, आणि त्याला माझ्याकडे खिळा-पट्टीसारखा उपाय नाही. पण 'सगळं पाण्यात' हे मात्र मी मान्य करत नाही. तू दिवाळीची वाट बघत बसलीस तर उशीर होईल. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन झाली की आईबापाच्या हातात काही राहत नाही. म्हणून दसऱ्याच्या आत घरोघर जा. कोण जोडीनं कोयत्याला जाणार आहे, घरी आजी-आजोबा कोण राहणार आहेत, याची यादी कर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांच्यापुढं ती यादी ठेव आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवायला सरांच्या मागं लाग. मंजूर झालं तर मागं राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय होते आणि म्हातारीवरचा भार हलका होतो. सहा वर्षांच्या लेकराला आईपासून चार-पाच महिने तोडायचं का, हा प्रश्न तुला छळेल. छळू दे. आईच्या जागी उभी राहून उत्तर देऊ नकोस, तिलाच ठरवू दे. काही आया पहिलीचं लेकरू ठेवणार नाहीत, आणि फडावरचं पाचट, साप, बैलगाड्या सगळं माहीत असूनही नेतील. त्यांना 'अडाणी' म्हणू नकोस.

जे जातील त्यांना शिक्षण हमी कार्ड भरून दे. कारखान्याजवळच्या शाळेनं त्यावर मुलाला बसवून घ्यायचं असतं, आणि दाखला नाही म्हणून कायद्यानं नाकारता येत नाही. आईला हे दोनदा समजावून सांग, कारण तिथं जाऊन विचारायची तिला भीती वाटते. कार्डाबरोबर एक कापडी पिशवी दे. त्यात पाटी, अक्षरांची कार्डं, वाचून झालेली एखादी गोष्ट, आणि मागं तुझा मोबाईल नंबर. बाप आठवड्यातून एकदा फोन लावेल, पोर चार शब्द वाचेल. सगळे लावणार नाहीत. पाडव्याच्या सुमाराला परत आलेल्यांना आधी एकेकटं बसवून बघ, काय राहिलंय आणि काय गेलंय. जूनची सुरुवात पुन्हा करायची गरज क्वचितच पडते. अक्षरं जातात तशी लवकर परतही येतात. जोडाक्षरं मात्र पार पुसलेली असतील, तेव्हा मनाची तयारी ठेव.

राहता राहिला तलाठी. सोळा हजारांच्या मानधनात खोलीचं भाडं, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे यांचा मेळ बसत नाही, हे मला कळतं. २०२३पर्यंत तर सहाच हजार होते, आणि त्यातही पोरी राहिल्या, पण म्हणून तू हसत राहावंस असं नाही. परीक्षा द्यायची असेल तर खुशाल दे, त्यात पाप नाही. मला चीड येते ती 'शिक्षकी हा धर्म आहे' असं म्हणत तरुण पोरींना अपराधी वाटायला लावणाऱ्यांची. फक्त तलाठी झालीस तरी ग्रुप असणार आहे, 'तात्काळ' असणार आहे, आणि पीक नुकसानीचे पंचनामे पहिलीच्या चुगल्यांपेक्षा सोपे नसतात. निर्णय पावसाळ्यात घेऊ नकोस आणि मुलं ऊसतोडीला गेल्यावर रिकाम्या वर्गात बसून तर अजिबात घेऊ नकोस. मोबाईल कपाटात ठेवून महिनाभर शिकव. ते दिवसही तुला नकोसे झाले तर कळव. तेव्हा मी स्वतः म्हणेन, अर्ज भर. माझा अंदाज विचारशील तर तू अर्ज भरशील, अभ्यासाला लागशील, आणि जूनमध्ये तेच 'हजर'वालं पोर दुसरीत कसं वाचतंय ते बघायला थांबशील. अंदाज चुकला तरी मला राग नाही.

तू चुकीच्या जागी आलेली नाहीस. चुकीच्या जागी आलेली बाई न बोलणाऱ्या पोराला मोजत नाही.

ता. क. उवांची लाज कसली? पहिली-दुसरीच्या बाईच्या डोक्यात वर्षातून एकदा त्या येतातच. वहीवर वाकलेल्या पोरींच्या डोक्याला डोकं लावून बसतेस, मग येणार नाहीत तर काय? औषधाच्या दुकानात उवांचं लोशन मागून घे, त्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेव आणि धुऊन टाक. नंतर ओल्या केसांत बारीक फणी फिरव, लिखा तिनंच निघतात. आठ-दहा दिवसांनी तेच पुन्हा करायचं, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत आणि त्यातून नवीन निघतात. बरेचजण हे दुसऱ्या वेळचं विसरतात आणि लोशनला शिव्या देतात. वर्गात कुणाच्या डोक्यात आहेत ते नाव घेऊन सांगू नकोस, केस कापायला तर मुळीच लावू नकोस. आयांना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बोलाव, एक तेलाची बाटली आणि चार फण्या समितीच्या पैशातून आण, आणि सगळ्यांनी एकमेकींच्या पोरींची डोकी ओट्यावर बसून विंचरावीत. तुझंही एखादीकडून विंचरून घे. त्या बायकांशी तुझी खरी ओळख त्याच दिवशी होईल, आणि ऊसतोडीला कोण जाणार याची अर्धी यादीही तिथंच तयार होईल.